ठोकळे, रणगाडे आणि माझी दहा बोटं

व्हिडिओ गेमबद्दल माझं मत एकेकाळी फार पक्कं होतं. रिकामटेकड्या पोरांचा नाद, डोळे फोडून घ्यायचा सोपा रस्ता आणि आईबापाच्या कष्टाची माती! हे मत मी अंबडच्या कोर्टाच्या आवारात, कडुनिंबाखाली टाईपरायटरपुढं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकटात ऐकवायचो. कोणी विचारलेलं नसायचं, तरी ऐकवायचो. आज त्याच तोंडानं मी तुम्हाला कुठला गेम कुठल्या बोटाला मानवतो ते सांगणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी टायपिस्ट. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, कैफियती, मुदतीचे अर्ज, सगळं. दहाही बोटांनी आणि बटणांकडं न बघता. दोन बोटांनी टाईप करणाऱ्याला मी कोंबडी म्हणायचो, दाणे टिपल्यासारखं करतो म्हणून. आणि माझा एक नियम होता. माझ्या मशीनमधून निघालेल्या कागदावर खाडाखोड नसायची. एक अक्षर चुकलं की कागद ओढून काढायचा, टराटरा फाडायचा आणि नवा लावायचा. शेवटच्या ओळीत चुकलं तरी तेच. वकील लोक म्हणायचे, अरे बाबा, खोड आणि शेजारी सही कर, चालतं कोर्टाला. मला चालत नव्हतं. घमेंड होती, दुसरं काय.

बोटं परकी झाली

शतक बदलायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. त्याआधी आठवडाभर माझं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं होतं. मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायात आहे की नाही हे खाली बघून ठरवावं लागायचं. मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसता, मुंग्या न्हाई येणार तर काय येणार?" मलाही ते पटलं.

तिसऱ्या दिवशी मशीनवर बसलो आणि बोटं ऐकेनात. एक बटण दाबावं तर दोन दाबली जायची, अक्षरांच्या दोन दांड्या एकदम उठून एकमेकींत अडकायच्या. मी कागद फाडला. दुसरा फाडला. चौथा फाडला तेव्हा समोरचा पक्षकार म्हणाला, "साहेब, आज उपास हाय का तुमचा?" मी त्याच्यावर खेकसलो आणि पाणी प्यायला उठलो. उठलोच नाही. खुर्चीवरून सरळ खाली बसलो, मातीत, सगळ्या कोर्टासमोर.

गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला चमचा धरता येईना, तेव्हा त्यांनीच घाबरून जालन्याला पाठवलं आणि जालन्यानं औरंगाबादला. मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. गुडघा गप्प. कोपरावर मारली. कोपरही गप्प. मग त्यानं खुर्ची ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की काहीतरी वाईट ऐकायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

तो म्हणाला, तुमच्याच शरीरानं तुमच्या नसांवर हल्ला केलाय. आजाराला त्यानं एक परदेशी नाव सांगितलं. माझी खोड बघा, मी त्याचं स्पेलिंग विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं सांगितलंही.

"बरा होतो का?" मंदानं विचारलं.

"बहुतेक लोक होतात. महिने लागतात. हातपाय किती परत येतील, ते आज नाही सांगता येणार."

"पायाचं राहू द्या साहेब," मी म्हणालो. "बोटांचं सांगा."

तो खुर्चीवरून उठला. माझ्या हातावर हात ठेवून पुढच्या खाटेकडं गेला. त्याचा हात मला दिसला, पण लागला नाही.

एका दमात किती

पहिला आठवडा मोजण्यात गेला. अशक्तपणा छातीपर्यंत चढतो की काय हे बघायला सिस्टरबाई दर दोन-तीन तासांनी यायच्या आणि म्हणायच्या, "एका दमात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी मी चाळिसाच्या पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी सव्वीस. मग एकोणीस. आकडा फारच खाली गेला तर श्वासाचं मशीन लावावं लागणार होतं आणि ते मशीन मला माझ्या खाटेवरून दिसायचं.

मी मोजत असताना मंदा माझ्यासोबत ओठ हलवायची. आवाज काढायची नाही, नुसते ओठ. ती माझ्या एक आकडा पुढं जायची आणि मी थांबलो की तिचे ओठ तसेच राहायचे. एके सकाळी मी पंधरावर थांबलो. संध्याकाळी पुन्हा पंधरा. दुसऱ्या दिवशी सतरा! सतरा ऐकल्याबरोबर मंदानं दोन्ही हात जोडून समोर जे दिसलं त्याला नमस्कार केला. समोर पंखा होता. सिस्टरबाईसुद्धा हसल्या. त्या दिवसानंतर आकडा खाली गेला नाही.

भीतीबद्दल एकच सांगतो, कारण हे वाचणारा कोणी त्याच खाटेवर असेल. मरायची भीती मला दोन-तीन दिवस वाटली. त्यानंतर वाटली ती जगायची. श्वास चालतोय, डोळे चालतात, तोंड तर माझं जन्मापासून चालतं, आणि हात मात्र बाजूला ठेवलेल्या सामानासारखे पडलेले. मंदानं मला भरवायचं, माझं तोंड पुसायचं. मी रडायचो आणि डोळे पुसायलाही तीच. एकदा मी तिला म्हणालो, "यापेक्षा गेलो असतो तर बरं झालं असतं." तिनं वरणभाताचा घास सरळ माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "तोंड भरलेलं असलं म्हंजे वंगाळ बोलता येत न्हाई."

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर रशीदभाई होते. जाफराबादचे, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाले. प्रवासी जीप उलटून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. पाय वर टांगलेला, त्याला वजनं लावलेली. तरी माणूस दिवसभर बडबडायचा. खाटेखाली त्यांची एक पिशवी होती, तिच्यात स्क्रू-पिना आणि उघडून ठेवलेली कसली कसली यंत्रं.

चौथ्या आठवड्यात माझा उजवा अंगठा हलला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मॅडमनी मला एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाल्या, दाबा. मी दाबायचो, चेंडू घरंगळायचा, खाटेखाली जायचा, मंदा वाकून काढायची. त्या चेंडूचा मला इतका राग यायचा की काय सांगू! तिसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगून टाकलं, मला नाही जमत, घेऊन जा तुमचा चेंडू.

मॅडम चेंडू उशाशीच ठेवून गेल्यावर रशीदभाई म्हणाले, "टाईपवाले, तुम्ही बटणं दाबणारा माणूस. तुमच्या हातात चेंडू देऊन काय फायदा? हे घ्या." आणि त्यांनी मंदाच्या हातात एक ब्रिक गेम दिला. हातात मावणारा, बारका राखाडी पडदा, डावीकडं चार बटणं, उजवीकडं एक मोठं गोल.

"हे लेकरांचं असतंय," मी म्हणालो.

"लेकराचंच हाय. रिपेरीला आल्तं. मी बटण बदललं, अन् कोणी न्यायलाच आलं न्हाई. घ्या, शरमू नका. हितं कोण पाहून राह्यलंय तुम्हाला?"

सगळा वॉर्ड पाहत होता. पण दुपार मोठी होती आणि छताकडं बघून बघून मला त्याचे सगळे पोपडे पाठ झाले होते. मंदानं पोटावर उशी ठेवली, उशीवर गेम ठेवला, माझे दोन्ही अंगठे बटणांवर आणून बसवले.

ज्यांनी हा गेम पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वरून वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे पडतात. ते फिरवून, सरकवून खाली असे बसवायचे की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरली की ती ओळ नाहीशी होते. न भरता ढीग छतापर्यंत चढला की खेळ खलास. माझं प्रामाणिक मत असं की हा गेम कोणा कडक हेडमास्तरानं बनवलेला असावा. थांबत नाही, दम खाऊ देत नाही, आणि आवाज इतका किरकिरा की शेजारचा पेशंट शिव्या देतो. पण अंगठ्याला अमृत!

कागद फाडायची खोड

दोन दिवस मी खेळलो आणि दोन्ही दिवस एक ओळसुद्धा भरली नाही. तिसऱ्या दिवशी रशीदभाईंनी मान वळवून विचारलं, "टाईपवाले, परवापासून ऐकून राह्यलो. गेम चालू होतो, दोन टूं-टूं होतात, अन् बंद. परत चालू, परत बंद. तुम्ही गेम खेळून राह्यले का कागद फाडून राह्यले?"

"ठोकळा चुकीचा पडला की मी नव्यानं सुरू करतो," मी म्हणालो. "एकदा बिघडल्यावर पुढं काय खेळायचं?"

रशीदभाई इतके हसले की त्यांच्या पायाची वजनं हलली आणि ते कळवळले. "अरे बाबा, हा गेम बिघडल्यावरच सुरू होतो! खड्डा राह्यला तर राहू द्या. त्याच्यावरची ओळ बराबर भरा. वरची ओळ गेली की खालचा खड्डा पुन्हा उघडा पडतो, मंग बुजवा त्याला. मी त्या जीपमध्ये बसलो ही चूकच झाली ना? मंग काय आता मायच्या पोटातून परत सुरू करू?"

मंदा म्हणाली, "चेंडूचं बी हे असंच करतात. मॅडम दहा वेळा दाबा म्हणतात. नवव्याला चेंडू पडला की हे परत एकपासून. म्हणून दमतात अन् मॅडमवर खेकसतात."

मी दोघांवरही चिडलो. तोंड फिरवून पडून राहिलो. पण खरं होतं ते. दहापैकी आठ वेळा दाबलं, हे मी कधी धरलंच नव्हतं. माझ्या लेखी ते शून्य होतं. गेली वीस वर्षं मी जे कागदाशी करत होतो, तेच आता स्वतःच्या हाताशी करत होतो. हातापुरता तरी हा हट्ट सोडला नाही तर मी इथंच राहणार, हे मला त्या दुपारी समजलं आणि फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पहिला ठोकळा मुद्दाम वाकडा टाकला. अंगठा बंद करायच्या बटणाकडं गेला. मंदानं तो हळूच बाजूला केला. पाच मिनिटांनी माझी पहिली ओळ भरली, लुकलुकली आणि गेली. "गेली! गेली!" मी ओरडलो. सिस्टरबाई पळत आल्या, त्यांना वाटलं कोणीतरी खरंच गेलं.

त्या आठवड्यात माझे दोन्ही अंगठे कामाला लागले, मग उजवी तर्जनी, मग डावी. चेंडू मी अठ्ठावीस वेळा दाबला, मध्ये सहा वेळा पडूनसुद्धा. मी झोपलो की मंदा खेळायची आणि माझ्यापेक्षा चांगलं खेळायची. हे मला रशीदभाईंनी सांगितलं, तिनं नाही.

घर

घरी आलो तेव्हा चार पायांचा वॉकर धरून उंबऱ्यापासून खाटेपर्यंत जाता यायचं. शर्टाची बटणं लागत नव्हती. सात बोटं परत आली होती, तीन मात्र अजून बेपत्ता होती, आणि तीन बोटं नसलेला टायपिस्ट म्हणजे कोंबडीच.

आता कोर्टाची गोष्ट. आमच्या आवारात जागेचा कागद नसतो. रोज येऊन टेबल मांडेल त्याची जागा. टेबल दोन-तीन महिने रिकामं राहिलं की कोणीतरी तिथं आपली सतरंजी टाकतोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मंदाला हे माहीत होतं. मला न विचारता ती एके दिवशी सकाळी माझा डबा झाकून ठेवून माझ्या टेबलावर जाऊन बसली. तिला टायपिंग येत नाही, पण दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर छापल्यासारखं. साधे अर्ज ती हातानं लिहून द्यायला लागली. बायका तिच्याकडं यायच्या, कारण बाईजवळ बाई मोकळं बोलते. महिनाभरात लोक "मंदाताईंच्या हातचा अर्ज" म्हणायला लागले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला आग लागली.

त्याच सुमारास रशीदभाई कुबड्या घेऊन दारात उभे राहिले. जाफराबादहून आले होते, तेही जीपनं. "घाबरून घरी बसलं तर घरीच मरावं लागतं," म्हणाले. काखेत टीव्हीला जोडायचा गेम, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर नऊच्या आकड्यांची रांग छापलेली. मी म्हणालो, एवढे गेम? ते म्हणाले, "सात हायेत. बाकी तेच परत परत. मोजायला कोण बसतंय?"

आम्हाला मूलबाळ नाही. घरात खेळणं असं कधी आलंच नव्हतं. आता संध्याकाळी मंदा कोर्टातून आली की चहा व्हायचा आणि आम्ही दोघं टीव्हीपुढं मांडी घालून बसायचो, चाळिशी ओलांडलेले नवराबायको. मोटारसायकलीच्या गेममध्ये मजा कमी, नुसतं एक बटण दाबून धरायचं, पण त्यानं पकड येते. बदकं मारायचा गेम पिस्तुलाशिवाय चालत नाही आणि आमच्याकडं पिस्तूल नव्हतं. खरा गेम रणगाड्यांचा! दोघांनी मिळून आपला किल्ला राखायचा, विटांच्या भिंती फोडायच्या. एका हातानं दिशा, दुसऱ्यानं गोळी. दोन्ही हातांना एकाच वेळी वेगळं काम देणारा हा पहिलाच गेम मला भेटला, आणि टायपिंगला तेच लागतं.

मंदा मात्र समोरच्याला सोडून माझ्याच रणगाड्याला गोळी घालायची. आपल्या माणसाची गोळी लागली की रणगाडा थोडा वेळ जागच्या जागी गोठतो. एकदा असाच मी गोठलो, किल्ला पडला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडं माझी खुर्ची बळकावली, हितं माझा रणगाडा. सगळंच घे."

तिनं रिमोट खाली ठेवला. टीव्हीकडं पाठ केली. मग म्हणाली, "उठा. आत्ता उठा अन् बसा त्या खुर्चीवर. ती सोडायची मी रोज वाट पाहून राह्यले. उन्हात बसते, लोकायच्या नजरा सोसते, कशासाठी? मला काय वकील व्हायचंय?" आणि आत जाऊन तिनं भांडी अशी आपटली की शेजाऱ्यांनी खिडकी उघडली.

मी वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हणालो, "तुझं अक्षर माझ्या टायपिंगपेक्षा चांगलं आहे. म्हणून जळतो." ती म्हणाली, "मला माहीत हाय." मग म्हणाली, "चला, किल्ला राह्यला."

तब्येतीच्या नावाखाली

तपासणीला जालन्याला जायचो. तिथं टॉकीजच्या मागं एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, अंधारं, घामाचा वास येणारं. मनगटासाठी दांडा धरून खेळायचा गेम चांगला, असं रशीदभाईंनी बजावलं होतं. वॉकर सुटून आता काठी आली होती, ती टेकत मी आत गेलो तर कॉलेजची पोरं बाजूला झाली, त्यांना वाटलं कोणाचा तरी बाप कान धरायला आला. मी टोकन टाकलं आणि त्यांच्यातल्या एकाशी मारामारीचा गेम खेळलो. सहा वेळा मरेस्तोवर मार खाल्ला. दांडा गच्च धरून मनगट भरून आलं, डोळ्यांत पाणी आलं. सातव्या वेळी मी त्याला पाडलं! माझं मत विचाराल तर हा गेम डोक्याला भिकार आणि मनगटाला उत्तम. पोरगा म्हणाला, "काका, परत?" मंदा बाहेरून ओरडली, "एस. टी. जाईल!"

मी ज्यांचे कागद टाईप करायचो त्या वकीलसाहेबांनी तेव्हा नवा मोबाईल घेतला होता. त्यात साप होता, दाणे खाऊन लांब होणारा. दोन दिवस मी तोही खेळलो. सगळा खेळ एका अंगठ्याचा. जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे कागदावर उठवले, आता स्वतःच अंगठाबहाद्दर झालो. माझ्या कामाचा नव्हता तो. वकीलसाहेबांना मात्र इतका लागला की एकदा त्यांना पुकारा ऐकू आला नाही.

पडणारी अक्षरं

शेवटचा गेम मला अंबडमध्येच भेटला. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दोन कॉम्प्युटर आले होते. तिथले सर म्हणाले, "या, एक गंमत दाखवतो." पडद्यावर वरून इंग्रजी अक्षरं पडत होती. जमिनीला टेकायच्या आत त्या अक्षराचं बटण दाबायचं, की ते फुटतं. ठोकळ्यांचा आणि टायपिंगचा संसार कोणीतरी लावून दिला होता! मी खुर्ची ओढली. कितीतरी महिन्यांनंतर दहा बोटं ओळीनं बटणांवर ठेवली.

नऊ बोटं चालली. सावकाश, अडखळत, पण चालली. डावी करंगळी तेवढी मेलेलीच. आणि इंग्रजीतलं ए हे अक्षर डाव्या करंगळीचं. तुम्हाला सांगतो, इंग्रजीत किती ए आहेत हे मला त्या दिवशी कळलं. पाऊस पडत होता ए-चा. प्रत्येक ए धप्पकन जमिनीवर पडायचा आणि माझा डाव संपायचा.

सर म्हणाले, "शेजारच्या बोटानं मारा ना. कोण बघतंय?"

आधीचा मी असतो तर उठून गेलो असतो. त्या दिवशी मी शेजारच्या बोटानं मारला. रोज मारला. जमेल तेवढी अक्षरं फोडायची, ए आला की आधी करंगळीला उचलायला सांगायचं, नाही उचलली तर शेजारच्या बोटानं उरकायचं. पाच आठवडे हे चाललं. सर कंटाळले, मी नाही. मंदा कोर्टातून परत जाताना दारात उभी राहायची, नजरेनंच विचारायची, मी मान हलवायचो, आणि आम्ही घरी जायचो.

मग एका मंगळवारी ए पडला आणि फुटला. माझं शेजारचं बोट जागचं हललंच नव्हतं. मला वाटलं चुकून झालं. दुसरा ए आला. करंगळी उठली, थरथरली आणि बटणावर बसली. फुटला! तिसरा. फुटला! मी खुर्चीवरून उठलो, काठी न घेता उठलो, आणि सगळ्या इन्स्टिट्यूटला ओरडून सांगितलं, "करंगळी आली! माझी करंगळी आली!" मुली मशीन थांबवून बघायला लागल्या. सरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मी भोकाड पसरून रडलो. लाज कसली, माझं बोट होतं ते, परत आलेलं. मंदा दारात आली होती. तिनं जवळ येऊन माझी करंगळी तेवढी मुठीत धरली आणि सोडलीच नाही. घरापर्यंत आम्ही तसेच गेलो, भर बाजारातून, लोक बघत होते.

ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांना मी डॉक्टर म्हणून काही सांगू शकत नाही. एवढंच म्हणेन की मॅडम सांगतील तो चेंडू दाबा, आणि त्याचा कंटाळा आला तर तुमच्या हाताला आवडेल असं काहीतरी शोधा. पेटी वाजवा, शेंगा सोला, ठोकळे पाडा. आणि घरच्यांवर खेकसलात तर त्याच दिवशी माफी मागा, उशिरा मागितलेली फार महाग पडते.

कडुनिंबाखाली

त्यानंतरच्या सोमवारी मी कोर्टात गेलो. मंदानं टेबल पुसून ठेवलं होतं. आपली खुर्ची तिनं थोडी बाजूला सरकवली होती आणि माझी मध्ये मांडली होती. मी म्हणालो, "तू उठू नकोस. जागा दोघांची आहे." ती म्हणाली, "मी कुठं उठून राह्यले?" तिच्यापुढं एक म्हातारीबाई बसलेली होती, रेशनकार्डाचा अर्ज लिहून घ्यायला.

अर्ध्या तासात वकीलसाहेब घाईनं आले. प्रतिज्ञापत्र, चार पानं, जेवणाच्या सुट्टीच्या आत पाहिजे. हातानं लिहिलेला मसुदा पुढं टाकला आणि एकदम थबकले. "जमेल ना रे? न्हाई तर दुसरीकडं..."

"ठेवा तिथं," मी म्हणालो. "अन् चहा पिऊन या."

मशीनला कागद लावला. पहिली ओळ अंदाज घेत मारली. दुसरी जरा बरी. दुसऱ्या पानापर्यंत हात जुन्या वाटेला लागले, ओळ संपल्याची घंटी वाजायची, मी गाडा ढकलायचो, पुन्हा सुरू. डावी करंगळी सगळ्यांत मागून येत होती, पण येत होती, एकही हाक न चुकवता. आजूबाजूचे टायपिस्ट थांबून बघायला लागले. एकानं शिट्टी मारली. चौथं पान काढलं तेव्हा सुट्टीला दहा मिनिटं बाकी होती. वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या वाचलं, माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि आत पळाले.

पुढचा माणूस लगेच समोर येऊन बसला. मी पुन्हा सुरू केलं, आता जास्तच जोरात, दहाही बोटं एकदम. बाजूला मंदाचं पेन थांबलेलं होतं. म्हातारीबाई म्हणाली, "बाई, लिव्हा ना वं, थांबल्या काहून?" मंदानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाली, "काय लिहू मावशी, ह्यांचा लई आवाज होऊन राह्यलाय. लक्षच लागंना."

"मंग कानात कापूस घाल," मी म्हणालो आणि नवा कागद मशीनला लावला.